न ठरलेली सोयरीक

आसाराम काळदातेचा निरोप सकाळी सातलाच आला. पंधरा माणसं घेऊन अकरापर्यंत येतोय, तारीख काढायला. निरोप आणणारा टमटमवाला खुशीत होता. चांगल्या बातमीला चहा मिळतो हे त्याला ठाऊक होतं. राहीबाईंनी त्याला चहा दिला, वर बिस्किटं दिली, आणि तो वळल्यावर ओट्याला धरून खाली बसल्या. 

तीन वर्षं ज्या दिवसाला त्या भीत होत्या तो उगवला, आणि तोही कसा अचूक उगवला! आजच दुपारी धाकटे दीर, नाव श्रीमंत, इंग्लंडहून यायचे होते. सोबत जाऊ सुचित्रा, पुतण्या केदार आणि सहा महिन्यांपूर्वी तिकडेच लग्न झालेली केदारची बायको मनवा. उद्या मुलींच्या वसतिगृहाला पाच वर्षं पुरी होत होती, त्याचा कार्यक्रम. राहीबाईंचा मुलगा राधाकृष्ण गाडी घेऊन पहाटेच पुण्याला विमानतळावर गेला होता.

आता नवऱ्याला सांगणं भाग होतं. काकासाहेब पडवीत पेपर वाचत बसले होते. पस्तीस वर्षं शाळामास्तर, शेवटची आठ हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर भावाच्या भरवशावर हे वसतिगृह उभं केलं आणि पुन्हा पोरींच्या हजेरीत रमले.

"अहो, आसाराम येतोय. तारीख काढायला."

"कसली तारीख?"

"पंकजाच्या लग्नाची."

"मग जामखेडला भटजी न्हाईत का? आपल्याकडं काय काम?" काकासाहेब हसले. "कुणाशी ठरवलं त्यानं?"

"आपल्या केदारशी," राहीबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी चष्मा काढला. सून मोनिका झाडता झाडता दारातच थांबली.

झालं होतं ते असं, आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. होती ती नुसती हौस. इंग्लंडातल्या आपल्या लोकांनी 'माहेर मंडळ' काढलं होतं. एकेका घराने इकडची एकेक मुलगी शिक्षणासाठी पत्करायची, अशी त्याची रीत. आसारामची लेक पंकजा श्रीमंतांच्या वाट्याला आली. मंडळाच्या अर्जात मुलीची जन्मतारीख होती, उंची, वजन, रक्तगट, डोळ्यांचा नंबर, भावंडं किती, जमीन किती. आणि पायापासून डोक्यापर्यंतचा उभा फोटो, तोही दरवर्षी नवा. जामखेडकडे एवढी चौकशी एकाच कामासाठी करतात. वर स्टॅम्पपेपरवर आसारामची सही, की बारावी होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही. मंडळाने ही अट बालविवाह थांबावेत म्हणून घातली. आसारामने ती अशी घेतली, की पोरगी त्यांना राखून ठेवायची आहे.

त्यावर कळस चढवला तो सुचित्राने. परदेशात राहिलेल्या बायकांना गावी आलं की रीतभातीचा असा काही उमाळा येतो, की विचारू नका. उद्घाटनाच्या दिवशी तिने तेरा वर्षांच्या पंकजाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, साडी दिली, नारळाने ओटी भरली. बाकीच्या मुलींना पत्करणारी घरं तिकडे इंग्लंडातच होती, त्यांना दप्तरं मिळाली. पंकजाला एकटीला हा मान. फोटोवाला म्हणाला, घरच्या कुणीतरी पेढा भरवा, तर वीस वर्षांच्या केदारने हसत भरवला. श्रीमंतांनी आसारामला चारचौघांत मिठी मारली. जात एक, श्रीमंतांचं आजोळ काळदात्यांच्याच गावचं. साखरपुड्याला याहून जास्त आसारामच्या वस्तीवर तरी काही लागत नाही. तो फोटो त्याने काच लावून भिंतीवर टांगला.

"तुला हे कधी कळलं?" काकासाहेबांचा आवाज उतरला होता.

"तीन वर्सं झाली. संक्रांतीला त्याची बहीण गोजरबाई आली. वाण दिलं आन म्हणली, इहीणबाई, पाया पडते."

"मग तू काय म्हणालीस?"

राहीबाई मग म्हणाल्या, "मी तिला खण दिला."

"खण दिलास?" काकासाहेब ताडकन उठले. "अगं, म्हंजे हो म्हणालीस की तू! न दिलेल्या मुलाची सोयरीक पक्की केलीस!"

"आन काय करू? पोरगी नववीत हुती. तिच्या थोरल्या बहिणीचं, छबूचं, त्यांनी पंधराव्या वर्षी उरकलं. दोन लेकरं, ऊसतोड, आन चोविसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढून आणली तिची. बघितली न्हवं तुमी, कशी वाळून गेलीय? मी त्या दिवशी न्हाई म्हणले असते, तर पंकजाचं त्याच महिन्यात उरकलं असतं. म्हणलं, शिकंल तवर शिकू दे."

"आणि केदारभाऊजींच्या लग्नाचा फोटो मी स्टेटसला ठेवला, तर तुम्ही मला काढायला लावला, तो यासाठी?" मोनिका म्हणाली. "मला वाटलं, मनवाचं रूप तुम्हाला पसंत नाही."

राहीबाईंना या भडिमाराच्या वेळीसुद्धा हसू यायचं राहिलं नाही, पण ते ओठापर्यंत येऊन विरलं.

"आल्या आल्या खरं सांगायचं," काकासाहेब म्हणाले. "हात जोडायचे. गैरसमज झाला म्हणायचं."

"आन मग? गोजरबाईचा सुनील बिनलग्नाचा हाय. दसऱ्याला ऊसतोडीची टोळी निघंल. जोडीदारीण असल्याबिगर मुकादम कोयत्याला घेत न्हाई. दोन वर्सं झाली, ती भावाच्या मागं लागलीय, पोरगी मला दे म्हणून. तुमच्या तोंडून गैरसमज निघायचा अवकाश, ती आजच्या आज पंकजाला घेऊन जाईल."

"श्रावणात मुहूर्त कुठाय?"

"रागाला मुहूर्त लागत न्हाई."

"पोलिसांना कळवू," मोनिका म्हणाली.

"काय कळवशील? गेल्या महिन्यात अठरा पुरी झाली. आन बापाम्होरं ती पोलिसाला काय सांगंल?"

कायद्याचं कुंपण गेलं होतं आणि स्टॅम्पपेपरची मुदतही. उरली होती नुसती राहीबाईंची तीन वर्षांची चुप्पी, आणि ती आता कुणाच्याच कामाची नव्हती. मोनिकाने झाडू ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला. पाहुण्यांना नगरला जेवायला थांबव, तिने सांगितलं. मी सांगेपर्यंत हलू नको.

*

अकराला एक पिकअप आणि एक टमटम येऊन उभी राहिली. वसतिगृहाच्या व्हरांड्यात उद्याच्या कार्यक्रमासाठी पताका चिकटवत असलेल्या पंकजाने आधी वडिलांना पाहिलं, मग आत्या गोजरबाईला, आणि मग सुनीलला. सुनीलच्या अंगात नवा पांढरा शर्ट होता, त्यावरच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी त्याने तिला बोरं पाडून दिली होती. पण आज तो तिच्याकडे बघेना, आणि त्यानेच तिला भीती वाटली.

इंग्लंडची सून, असं आत्या तिला चेष्टेने म्हणायची. पंकजाला ते कधी खरं वाटलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी ती श्रीमंतकाकांना पत्र लिहायची, त्यांचं उत्तर यायचं. त्यात परीक्षा, पाऊस आणि तब्येत यापलीकडे काही नसायचं. पण हे खोटं आहे, असंही ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. त्या बोलण्याच्या आडोशाने आठवी ते बारावी कुणी तिला हात लावला नव्हता. बरोबरीच्या चारजणी लेकुरवाळ्या झाल्या. तिचा मात्र नगरला नर्सिंगला नंबर लागला होता.

"ये गं, माझी वाघीण!" आत्याने तिला जवळ घेतलं, गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. तिची पिशवी शेजारीच ठेवलेली होती. पंकजा पाया पडायला वाकली आणि तिला पिशवीत पिवळी साडी दिसली. साडीवर हळदीची पुडी. तिच्याखाली कागदात गुंडाळलेल्या मुंडावळ्या.

तारीख काढायला येताना मुंडावळ्या कुणी आणत नाही.

पंकजा वाकलेलीच राहिली. आत्याच्या ते ध्यानात आलं असावं. तिने पिशवीचं तोंड दाबलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सावध आसावं माणसानं. मोठ्या लोकांचं काय खरं? फिरलं कुणाचं मन, तर माझ्या भावाची लेक मी रिकामी माघारी नेनार न्हाई."

*

पाहुणे सतरंजीवर टेकले, पाण्याचे तांबे फिरले. राहीबाई मागच्या अंगणात हौदाशी कळशी भरायला आल्या, तो आसाराम पाय धुवायच्या निमित्ताने मागोमाग आला. किडकिडीत, पुढे वाकलेला माणूस. बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघायची सवय. राहीबाईंना वाटलं, आता हा मुलाकडच्यांबद्दल विचारणार. त्यांनी मनातल्या मनात उत्तर जुळवायला घेतलं.

"बाई, मला ठावं हाय," तो हौदाकडे बघत म्हणाला.

"काय?"

"पोराचं लगीन झालंय. मोनिकाताईंच्या स्टेटसला फोटू बघितला. नंतर तो गेला, पर मी बघितला."

कळशी भरून वाहू लागली तरी राहीबाईंचं लक्ष नव्हतं. "आन मग सहा म्हैने गप ऱ्हायलास?"

"तुमीबी ऱ्हायलात की." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "छबूच्या टायमाला मी बहिणीचं ऐकलं. तिचा शब्द मला मोडवत न्हाई, आईमागं तिनंच मला वाढवलं. छबूला दवाखान्यातनं आणली त्या दिवशी ती मला म्हणली, आबा, आता मी मोकळी झाले. हसून म्हणली, बाई. मला ते झोपू देत न्हाई. पंकीचं लगीन इंग्लंडात ठरलंय म्हणलं की समदी गप बसत हुती. म्हणून मीबी गप बसलो. आज बहिणीनं वढून आणलं. तुमी फकस्त तारीख म्होरं ढकला. दोन वर्सं, तीन वर्सं. शिकंल तवर."

राहीबाईंना त्याचे पाय धरावेसे वाटले. एकाच खोट्याला दोन बाजूंनी टेकू देऊन दोघं सहा महिने उभी होती आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं. पण पुढच्याच क्षणी त्यांना दुपारची गाडी आठवली.

"आसाराम, अरे ती समदी आज येत्यात. सून घेऊन. नगरात थांबवलीत आत्ता. उद्या साऱ्या गावाम्होरं ती स्टेजवर बसंल."

आसाराम हौदाच्या कठड्यावर बसला. त्याचे हात थरथरत होते. पुढून गोजरबाईचा मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला, तसा तो दचकला.

"मग आजच मोडा," तो घाईघाईने म्हणाला. "पर गैरसमज झाला म्हणू नका. त्यानं मी येडा ठरतो, आन येड्याच्या पोरीचा निकाल बहीण लावती. आमी शब्द दिला हुता आन आमी मोडला, असं म्हणा. मंग मला रागवायला जागा ऱ्हाती."

"रागावून काय करशील?"

"ते माझं मी बघतो. पर पंकीला ह्यातलं सांगू नका. कवाच न्हाई. तिच्या तोंडावर समदं दिसतं. बहिणीला वास जरी लागला, तर ती नगरला जाऊन घेऊन यील तिला." तो उठला, पाय न धुताच निघाला.

*

"न दिलेला शब्द मोडला म्हणून सांगू?" काकासाहेबांनी माजघरात दार लोटून घेतलं होतं, तरी ते कुजबुजत होते. "माझ्या भावाला, पुतण्याला मी लबाड ठरवू? ज्यांना यातलं काडीचं ठाऊक न्हाई? बाहेर व्हरांड्यात उद्याच्या कार्यक्रमाला आलेले पोरींचे आईबाप बसलेत. आज ऐकतील, उद्या पोरी उचलून नेतील. म्हणतील, हे इंग्लंडवाले मदतीच्या नावाखाली पोरी बघून ठेवतात आणि टाकून देतात. पाच वर्षं एकेक दार झिजवून मी बत्तीस पोरी आणल्यात, राही."

ते खरंच होतं.

उत्तर दिलं ते मोनिकाने. तिला वसतिगृहाचा मनापासून राग होता. नवरा त्यातच गुंतलेला, घरचा लिंबाचा बाग वाऱ्यावर, आणि कौतुक सगळं इंग्लंडच्या जावेचं. काकासाहेबांना वाटलं होतं, निदान ही तरी आपल्या बाजूने बोलेल.

"नाना, बत्तीस पोरी कशासाठी आणल्या?" तिने सासऱ्यांना विचारलं. "त्यातली पहिली बारावी झालेली पंकजा आहे. तिलाच आज पिवळी साडी नेसवून नेली, तर बाकीच्या एकतीस ठेवून काय करायच्यात? त्या पिशवीत मुंडावळ्या आहेत. पंकजाने मला सांगितलं. पोरगी न्हाणीत जाऊन उलटी करून आली."

काकासाहेब खाटेवर बसले. शिक्षणाधिकाऱ्यांपुढे, पुढाऱ्यांपुढे ते कधी डगमगले नव्हते, कारण दर वेळी बाजू खरी असायची. खोटं बोलायचं म्हटल्यावर त्यांना स्वतःची जीभ परकी वाटू लागली. श्रीमंतला काय सांगायचं? लहानपणी ज्याला खांद्यावरून शाळेत नेलं, त्याच्या तोंडाला त्याच्या माघारी काळं फासायचं? छातीत धडधड इतकी वाढली, की त्यांना भीती वाटली, बोलायच्या आधीच काहीतरी होईल. बरं होईल, असंही एकदा वाटून गेलं.

मग ते टोपी नीट करून बाहेर गेले.

"आसाराम, गोजरबाई," ते उभ्यानेच म्हणाले, "पाच वर्षांमागं आमच्या घरानं तुमच्या पोरीची ओटी भरली. तो शब्द आम्हाला पाळता आला न्हाई. केदारचं लग्न दुसरीकडं झालं. दोष आमचा हाय. तुमचा न्हाई, पोरीचा तर न्हाईच न्हाई."

सतरंजीवर कुणी हललं नाही. व्हरांड्यातली माणसं मात्र उठून अंगणापर्यंत आली. गोजरबाईने आधी काकासाहेबांकडे पाहिलं आणि मग दाराशी उभ्या राहीबाईंकडे.

"खण दिला हुतास की गं मला!" ती ओरडली. "तुझ्या हातानं कुक्कू लावलंस! गरिबाची लेक म्हंजे काय दुकानातली साडी वाटली व्हय, उलगडून बघायची आन टाकून द्यायची? तळतळाट लागंल तुमाला. तुमच्या शाळेत कुत्रं फिरकायचं न्हाई!"

राहीबाई ऐकून घेत होत्या. यातला शब्द न् शब्द चुकीच्या जागी पडत होता, तरी त्यांना लागत होता. गोजरबाईने पिशवी उचलली.

"आसाराम, झालं ते झालं. हितंच, आत्ताच. पाच माणसं देवळात चला. सुनील, ऊठ!"

सुनील उठला. दाराआड पंकजाने मोनिकाचा दंड इतका घट्ट धरला, की तिची नखं रुतली. सगळे आसारामकडे बघू लागले. तो बहिणीपुढे मान वर करून उभा राहिल्याचं राहीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आताही त्याची मान खालीच होती.

"न्हाई," आसाराम म्हणाला.

"काय न्हाई?"

"दुसऱ्यानं टाकलेली पोरगी मी माझ्या बहिणीच्या घरात घालनार न्हाई. तुझी पायरी लई मोठी हाय, आक्का. साऱ्या जामखेड तालुक्यात तुझ्या पोराला लोक काय म्हणतील? उष्टं खाल्लं म्हणतील." त्याचा आवाज चढत गेला, चिरकला. "ह्यांनी नासवली, ह्यांनीच सांभाळायची! मला ही लेक मेली!"

तो तीन ढांगांत दाराशी आला, पंकजाला हाताला धरून बाहेर ओढली आणि तिच्या तोंडात मारली. ती थप्पड वसतिगृहापर्यंत ऐकू गेली. "माझ्या उंबऱ्याला शिवलीस तर पाय तोडीन!"

पंकजा खाली बसली. कुणीतरी आसारामला मागून धरलं. गोजरबाईच्या हातातली पिशवी तशीच होती. भावाने तिलाच मान देऊन तिचंच तोंड बंद केलं होतं. उष्टं म्हटल्यावर आता पोरगी मागणार तरी कोणत्या तोंडाने? तिने सुनीलचा हात धरला आणि एक शब्द न बोलता टमटमीत जाऊन बसली. आसाराम पिकअपमध्ये मागे चढला. गाडी वळेपर्यंत राहीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एक खूण, एक नजर, काहीतरी. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

एकपर्यंत सात मुलींची बोचकी व्हरांड्यात आली. काकासाहेब एकेका बापापुढे जाऊन उभे राहत होते, पण काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. खरं सांगावं तर पंकजा जाते, आणि खोट्याचा पुरावा तर त्यांनी स्वतःच दिला होता. मोनिकाने येऊन सांगितलं, की गाडी नगरहून निघाली. श्रीमंतकाका विचारतायत, सगळं ठीक आहे ना. काकासाहेबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

आत राहीबाई पंकजाच्या गालाला ओलं फडकं लावत होत्या. चार बोटं स्पष्ट उठली होती. इतकं जोरात मारायचं ठरलं नव्हतं. खरं तर मारायचंच ठरलं नव्हतं. हौदाशी थरथरणारे हात आणि हा हात एकाच माणसाचे, हे त्यांच्या मनाला पटेना. की बोलता बोलता त्याचा राग खरा झाला? पंधरा माणसांत मान गेल्यावर होतो कधी कधी.

"आजी," पंकजाने विचारलं. ती रडत नव्हती. "आबा खरंच बोलले का?"

राहीबाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. हौद, स्टेटस, छबू, सगळं. पोरीने एका वाक्यात हलकं व्हावं, एवढंच त्यांच्या हातात होतं. पण पोरगी भोळी होती, चेहऱ्यावर ऊन पडावं तसं तिचं सुख दिसायचं. आणि गोजरबाईचे डोळे घारीचे होते.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "खरंच बोलले."

पंकजाने मान डोलावली आणि फडकं त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच गालावर धरलं. आपण पोरीशी खोटं बोललो, असं राहीबाईंना मनाशी म्हणायचं होतं. पण त्या थपडेचा आवाज आठवला, आणि तेवढंही त्यांना छातीठोकपणे म्हणता येईना.